पाळी चुकण्याआधीची गोळी

कडावच्या आसपास लग्नसराई उन्हाळ्यात उरकते. भात घरात आलेले असते, वाल निघालेले असतात, वीटभट्ट्यांवर गेलेली माणसे वाड्यांवर परतू लागलेली असतात. मग पाऊस पडतो, लावणीची घाई सुरू होते आणि घरातली नवी सूनही चिखलात उतरते. समजा, अशा एका सुनेची शेवटची पाळी 1 जुलैला आली. गर्भ राहील तो 15 जुलैच्या सुमाराला. 29 जुलैला पाळी चुकेल. पहिल्यांदा चुकलेली पाळी सहसा कोणी मनावर घेत नाही. पावसात भिजणे झाले, दगदग झाली, म्हणून पुढे गेली असेल, असेच वाटते. 12 ऑगस्ट उजाडतो तेव्हा तिने फार तर नवऱ्याच्या कानावर घातलेले असते. सासूला कळायला आणखी काही दिवस लागतात. आशाताईच्या वहीत नाव चढते ते गणपतीच्या आगेमागे.

या तारखांमधली 12 ऑगस्ट ही सर्वांत महत्त्वाची, आणि नेमकी तीच कुठे नोंदली जात नाही. गर्भधारणेपासूनचा तो 28वा दिवस. ज्या नळीपासून बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू घडतात, ती नळी त्या दिवसापर्यंत मिटलेली असते किंवा मिटायची राहून गेलेली असते. त्यानंतर दिलेली कोणतीही गोळी ती मिटवू शकत नाही. सरकारी कार्यक्रमात 12 आठवड्यांच्या आत गरोदरपणाची नोंद झाली की ती लवकर झालेली नोंद समजतात. या सुनेसाठी ती मुदत 23 सप्टेंबरला संपते. म्हणजे सुनेने, आशाताईने आणि उपकेंद्रातल्या नर्सबाईंनी सगळे नियमाप्रमाणे केले, तरी शेवटच्या दिवशी झालेल्या नोंदणीला सहा आठवड्यांचा उशीर झालेला असतो.

कर्जतहून कशेळ्याकडे जाताना लागणारे कडाव अनेकांना दिगंबर सिद्धिविनायकाच्या मंदिरामुळे माहीत असते. आजूबाजूच्या गावांना आणि ठाकूर-कातकरी वाड्यांना मात्र ते प्राथमिक आरोग्य केंद्राचे गाव आहे. तपासणी, लस, गोळ्या, बाळंतपण यांसाठी बाया इथे येतात. काही अवघड निघाले तर कर्जतचे उपजिल्हा रुग्णालय, आणि तिथूनही पुढे पनवेल किंवा मुंबई. जीवनसत्त्वाची एक छोटी गोळी आणि जन्मतः व्यंग घेऊन आलेले मूल यांचा संबंध अशा गावी राहून पाहिला की तो फार स्पष्ट दिसतो. गोळी स्वस्त आहे, सरकार ती फुकट देते, तिचा उपयोग 30 वर्षांहून अधिक काळ सिद्ध झालेला आहे. अडचण आहे ती वेळेची.

गर्भ तिसऱ्या आठवड्यात असतो तेव्हा त्याच्या पाठीच्या बाजूला पेशींचा एक सपाट पट्टा असतो. केळीचे कोवळे पान सुरळीतून उलगडत बाहेर येते. इथे नेमके उलटे घडते, सपाट पट्ट्याच्या दोन्ही कडा वर उचलतात, एकमेकींकडे वळतात आणि चिकटून त्याची सुरळी होते. हीच मज्जानलिका. तिचे वरचे टोक साधारण 25व्या दिवशी मिटते आणि खालचे 27व्या-28व्या दिवशी. वरचे टोक उघडे राहिले तर कवटी आणि मेंदूचा मोठा भाग घडतच नाही. असे मूल जन्मले तरी तास-दोन तास, फार तर काही दिवस जगते. खालच्या बाजूला फट राहिली तर मणक्यांची कमान पुरी होत नाही आणि पाठीवर पाणीदार फुगा घेऊन बाळ जन्माला येते. याला स्पायना बायफिडा म्हणतात. त्या फुग्यात बहुधा मज्जारज्जूचे धागे अडकलेले असतात. त्यामुळे पायांत बळ कमी, लघवी-शौचावर ताबा नाही आणि पुष्कळदा डोक्यात पाणी साठणे, असे सगळे एकत्र येते. शस्त्रक्रिया करून पाठ मिटवता येते, डोक्यातले पाणी नळी बसवून पोटात उतरवता येते. अशी मुले शिकतात, मोठी होतात, नोकरीही करतात. पण त्यासाठी दर काही महिन्यांनी मुंबई गाठावी लागते, दिवसातून अनेकदा नळी घालून लघवी काढावी लागते, आणि हे सगळे करणारी बहुधा आईच असते.

तिलाच दोषही दिला जातो. ग्रहणात विळी धरलीस, तिन्हीसांजेला नदीवर गेलीस, कोणाची तरी नजर लागली, असे तिला ऐकवले जाते. ग्रहणाचा आणि मज्जानलिकेचा काही संबंध नाही, हे तिला ठामपणे, सासूच्या समोर सांगणारा माणूस त्या घरी पोचणे हाही उपचाराचाच भाग मानायला हवा. खरे कारण अनेक धाग्यांचे बनलेले असते: थोडी आनुवंशिकता, आईला असलेला मधुमेह, फिट्सवरची व्हॅल्प्रोएटसारखी काही औषधे, आणि या सर्वांत सहज दुरुस्त करता येण्याजोगा धागा म्हणजे फोलेट नावाच्या ब गटातल्या जीवनसत्त्वाची कमतरता. पेशी दुभंगून दोनाच्या चार होताना डीएनएची नवी प्रत करावी लागते. त्या कामाला फोलेट लागते. मज्जानलिका मिटताना पेशींची वाढ इतक्या झपाट्याने होते की थोडाही तुटवडा तिथे लगेच जाणवतो.

या जीवनसत्त्वाची गोष्ट मुंबईत सुरू झाली, हे महाराष्ट्रात फार थोड्यांना ठाऊक आहे. 1928 मध्ये ल्युसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईला आली. 1888 चा तिचा जन्म. केंब्रिजमध्ये वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्र शिकून मग ती वैद्यकाकडे वळलेली. बाळंतपणात स्त्रिया इतक्या का दगावतात याचा शोध त्या काळी हिंदुस्थानात घेतला जात होता आणि त्या कामातल्या डॉ. मार्गारेट बाल्फोर यांनी तिला बोलावले होते. परळच्या हाफकिन संस्थेत तिने काम मांडले. आजूबाजूला गिरण्या, चाळी, आणि कोकणातून व घाटावरून पोटासाठी आलेली कुटुंबे. गिरणीत राबणाऱ्या गरोदर बायांमध्ये एक विलक्षण पंडुरोग दिसत होता: रक्तातल्या तांबड्या पेशी संख्येने फार कमी, पण आकाराने नेहमीपेक्षा मोठ्या. लोह देऊन तो हटत नव्हता. कित्येक जणी त्यातच मरत.

विल्सने आधी जंतू शोधले, ते सापडले नाहीत. मग ती स्वयंपाकाकडे वळली. एस. एन. तळपदे यांच्यासह तिने मुंबईतल्या बायांचे खाणे आणि राहणे यांची पाहणी केली आणि ती 1930 मध्ये प्रसिद्ध झाली. प्रयोगशाळेतून उठून कोणाच्या ताटात काय पडते ते मोजायला जाणे ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती. ज्यांच्या जेवणात भाजीपाला, फळे, दूध, मांस अगदी तुटपुंजे होते, त्यांच्यात हा आजार जास्त होता. तेच निकस अन्न तिने उंदरांना आणि माकडांना दिले, तेव्हा त्यांनाही पंडुरोग झाला. अ जीवनसत्त्व देऊन पाहिले, क देऊन पाहिले. उपयोग झाला नाही. शेवटी एका आजारी माकडाला तिने मार्माइट दिले. मार्माइट म्हणजे यीस्टचा काळा, खारट अर्क, इंग्रज लोक पावाला लावून खात तो. माकड सुधारले. मग तिने तोच अर्क बायांना दिला, आणि खाटेला खिळलेल्या बाया काही दिवसांत उठून बसू लागल्या. जून 1931 मध्ये हे निष्कर्ष ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आले. त्या अर्कात नेमके काय आहे हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हते. त्या अज्ञात घटकाला पुढे अनेक वर्षे 'विल्स फॅक्टर' म्हणत.

1941 मध्ये अमेरिकेत पालकाच्या पानांतून हा घटक वेगळा काढला गेला. काही वर्षांतच लेडर्ली प्रयोगशाळेत येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या देखरेखीखालच्या चमूने तो कृत्रिमरीत्या बनवला. आज मिळणारी फॉलिक ॲसिडची गोळी तीच. सुब्बाराव आंध्रातले, त्यामुळे या गोळीच्या जन्मकथेला दोन्ही टोकांना हिंदुस्थान आहे. 1964 मध्ये विल्स वारली. पुढच्याच वर्षी लिव्हरपूलच्या हिबर्ड आणि स्मिथेल्स यांनी लॅन्सेटमध्ये लिहिले की व्यंग असलेल्या बाळांच्या आयांमध्ये फोलेटचा वापर बिघडलेला आढळतो. आपल्या गिरणी कामगार बायांच्या रक्तासाठी शोधलेले औषध न जन्मलेल्या बाळांच्या मेंदूलाही वाचवते, हे तिला कळायचे राहून गेले.

संशयाची खात्री व्हायला आणखी 26 वर्षे लागली. सात देशांतल्या 33 केंद्रांवर आधी एकदा असे मूल झालेल्या 1,817 स्त्रियांना चार गटांत विभागले गेले. काहींना रोज 4 मिलिग्रॅम फॉलिक ॲसिड, काहींना इतर जीवनसत्त्वे, काहींना दोन्ही, काहींना यांपैकी काहीच नाही. 1,195 गर्भधारणांचा निकाल हाती आला. मज्जानलिकेचा दोष 27 बाळांत निघाला, त्यांतली 21 फॉलिक ॲसिड न मिळालेल्या गटांतली होती आणि फक्त 6 मिळालेल्या. धोका 72 टक्क्यांनी घटला होता. फरक इतका उघड होता की 1991 मध्ये प्रयोग मुदतीआधी थांबवला गेला, कारण आता कोणालाही गोळीविना ठेवणे अन्यायाचे झाले असते. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचा असाच एक अभ्यास भारतात चालू होता, तोही याच कारणाने मध्येच आवरता घेतला. त्यातही दोष पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण 7 टक्क्यांवरून 3 टक्क्यांच्या आसपास आलेले दिसले. 1992 मध्ये हंगेरीतून पहिल्यांदाच आई होणाऱ्या स्त्रियांबद्दल तसाच निष्कर्ष आला. मग चीनमध्ये सुमारे अडीच लाख स्त्रियांचा अभ्यास झाला आणि रोज 400 मायक्रोग्रॅम, म्हणजे मिलिग्रॅमच्या निम्म्याहूनही कमी मात्रा पुरते, हे 1999 मध्ये प्रसिद्ध झाले.

एवढा भक्कम पुरावा वैद्यकात क्वचित मिळतो.

भारतात या दोषांचे ओझे किती, याचा हिशेब पुणे विद्यापीठाच्या प्राजक्ता भिडे, अनिता कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडला. देशभरच्या अभ्यासांची छाननी करून त्यांनी 2013 मध्ये काढलेला आकडा दर 1,000 जन्मांमागे सुमारे 4.5 असा होता. गव्हाच्या पिठात फॉलिक ॲसिड मिसळणाऱ्या देशांच्या मानाने हा आकडा कितीतरी मोठा आहे. मग याच गटाने पुणे शहरातल्या दोन हजारांहून अधिक गरोदर स्त्रियांचा मागोवा घेतला आणि सर्व प्रकारची जन्मजात व्यंगे मिळून दर 10,000 जन्मांमागे सुमारे 230 आढळली. त्यांत हृदयाचे दोष सर्वांत जास्त. इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे: फॉलिक ॲसिड सगळी व्यंगे टाळत नाही. वाकडे पाऊल, फाटलेला ओठ, हृदयाला छिद्र यांच्यावर त्याचा निश्चित परिणाम सिद्ध झालेला नाही. मज्जानलिकेच्या दोषांतलेही सगळे टळत नाहीत. पण जे टळतात त्यांसाठी दुसरा कोणताही उपाय नाही.

आता पुन्हा कडावच्या आरोग्य केंद्राकडे. 'ॲनिमिया मुक्त भारत' कार्यक्रम 2018 मध्ये सुरू झाला. त्यात गरोदर स्त्रीला चौथ्या महिन्यापासून रोज एक लाल गोळी मिळते, 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड, किमान 180 दिवस. बाळंतपणानंतर आणखी 180 दिवस. ही गोळी रक्तासाठी आहे आणि ती घ्यायलाच हवी. तिच्याबद्दल तक्रारी असतात: मळमळते, शौचाला काळी होते, गोळ्या खाऊन बाळ मोठे झाले तर बाळंतपण अडेल. ही शेवटची भीती वाडीवरच्या म्हाताऱ्या बायांच्या मनात खोल बसलेली आहे आणि तिच्यामागे अडलेल्या बाळंतपणांच्या खऱ्या आठवणी आहेत. तेव्हा तिला अडाणीपणा म्हणून झटकून टाकता येणार नाही. रात्री-अपरात्री गाडी मिळेल आणि शस्त्रक्रियेची सोय होईल, हा भरवसा आधी द्यावा लागेल. पण मुद्दा असा की चौथ्या महिन्यात सुरू झालेल्या या गोळीचा मज्जानलिकेला काही उपयोग नाही. गर्भधारणेआधीपासून 12व्या आठवड्यापर्यंत नुसत्या फॉलिक ॲसिडची 400 मायक्रोग्रॅमची गोळी रोज घ्यावी, असेही त्याच कार्यक्रमात लिहिले आहे. कागदावरची ही ओळ वाडीवर उतरवणे हे खरे काम.

ते अशक्य नाही. गावात कोणाचे लग्न झाले हे आशाताईला पत्रिका छापण्याआधी कळते. पात्र जोडप्यांची नोंदवही तिच्याकडे आणि नर्सबाईंकडे असतेच, कुटुंब नियोजनासाठी ती ठेवलेली असते. लग्न होऊन आलेल्या मुलीचे नाव त्या वहीत चढले की त्याच दिवशी फॉलिक ॲसिडच्या गोळ्या तिच्या हातात पडाव्यात, एवढी साधी साखळी आहे. रोजची गोळी सुरू केल्यावर तांबड्या पेशींतले फोलेट पुरेशा पातळीला चढायला जवळपास तीन महिने लागतात, म्हणून हळद उतरण्याआधी सुरुवात झाली तर अधिकच चांगले. शाळेतल्या मुलींना आठवड्यातून एकदा मिळणारी निळी गोळीही याच साखळीतली पहिली कडी आहे. तिच्यातही 500 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते. आश्रमशाळेतली मुलगी ती खाते. जिने सातवीत शाळा सोडली आणि आईबापांबरोबर भट्टीवर गेली, तिच्यासाठी ती अंगणवाडीत ठेवलेली असते, पण ती स्वतः तिथे नसते.

कातकरी हा महाराष्ट्रातल्या तीन अतिअसुरक्षित आदिवासी समूहांपैकी एक. कोलाम आणि माडिया हे दुसरे दोन. दिवाळी झाली की कर्जत-खालापुरातली अनेक कातकरी कुटुंबे उचल घेऊन पनवेल, कल्याण, भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडाशी परततात. लग्न होऊन वर्ष झालेली मुलगी यांतले सहा-सात महिने दुसऱ्याच तालुक्यात, दुसऱ्याच आशाताईच्या हद्दीत, बहुधा कोणाच्याच वहीत नसलेली अशी असते. गरोदरपणाचे पहिले आठवडे तिथे गेले तर नोंद होण्याची शक्यता जवळजवळ संपते. भट्टीवर जाण्यापूर्वी सहा महिन्यांच्या गोळ्या एकदम हवाली करणे हा यावरचा उपाय आहे. फॉलिक ॲसिड टिकते, त्याला थंड जागा लागत नाही, आणि पोरांनी चुकून दोन-चार गोळ्या खाल्ल्या तरी लोहाच्या गोळ्यांसारखा जिवाला धोका होत नाही. म्हणून ते लोहापासून वेगळे देण्यात शहाणपण आहे.

गोळीच कशाला, कर्जतचा डोंगर पावसाळ्यात हिरव्या भाज्यांनी भरलेला असतो, असे कोणी म्हणेल. खरे आहे. शेवळे, टाकळा, कुर्डू, कुलू, भारंगी, कंटोली. डोंगरातून आणून आठवडे बाजारात वाटे लावून बसलेल्या ठाकूर बायांकडे यांतले बहुतेक सगळे मिळते. पालेभाज्यांत फोलेट असते, वाल-चवळी-मटकीतही असते. पण ते उष्णतेने मोडते आणि पाण्यात उतरते. भारंगीची कडू पाने उकडून पाणी पिळून टाकतात, तेव्हा फोलेटचा बराचसा भागही त्या पाण्याबरोबर जातो. शिवाय अन्नातले फोलेट शरीराला गोळीतल्या फॉलिक ॲसिडपेक्षा कमी लागू पडते. पालेभाजी खावीच, रोज खावी, झाकण ठेवून आणि कमी पाण्यात शिजवावी. मात्र मूल हवे असलेल्या स्त्रीने तिच्या भरवशावर गोळी सोडू नये.

महाराष्ट्राच्या गोष्टीत इथे एक महत्त्वाचे वळण येते, आणि ते पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिले. 1993 पासून त्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर स्त्रियांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास चालवला. या शेतकरी बायांच्या रक्तात फोलेट कमी असेल असा सर्वांचा अंदाज होता. तपासल्यावर फोलेटची कमतरता फारशी निघाली नाही. कमी होते ते बी-12, आणि तेही सुमारे दोन तृतीयांश बायांमध्ये. फोलेट आणि बी-12 शरीरात जोडीने काम करतात. एक भरपूर आणि दुसरे तुटपुंजे असले की काम अडते. 2008 मध्ये याज्ञिकांच्या गटाने प्रसिद्ध केले की ज्या आयांचे फोलेट जास्त आणि बी-12 कमी होते, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षीच मधुमेहाकडे नेणारी लक्षणे सर्वांत अधिक होती. लंडन-अमेरिकेतली शिफारस जशीच्या तशी उचलून चालणार नाही, हे या गावांनी सांगितले.

मज्जानलिकेच्या दोषांबाबतही तोच धागा सापडला. भारतातल्या काही केंद्रांनी मिळून केलेला, पुण्याच्या डॉ. कौमुदी गोडबोले आणि याज्ञिक यांचा सहभाग असलेला अभ्यास 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. असे मूल झालेल्या आयांमध्ये बी-12 पेशींपर्यंत वाहून नेणाऱ्या प्रथिनाच्या जनुकात फरक जास्त आढळला. फोलेटशी संबंधित, पाश्चात्त्य देशांत बदनाम असलेल्या जनुकाचा तसा संबंध दिसला नाही. आयर्लंडमधल्या एका मोठ्या अभ्यासात बी-12 कमी असलेल्या आयांना धोका अडीच ते तीन पट निघाला होता. विल्सच्याच परळमध्ये ही दोन जीवनसत्त्वे एकमेकांत गुंतलेली होती. शुद्ध केलेला यकृताचा अर्क तिच्या बायांना का लागू पडत नाही याचे कोडे तिला पडले होते. त्या अर्कात होते बी-12, आणि बायांना हवे होते फोलेट. पुढे अनेक दशकांनी, त्याच राज्यात, प्रश्न उलट बाजूने समोर आला.

बी-12 वनस्पतींत नसते. दूध, दही, अंडी, मासे, मटण यांतूनच ते मिळते. कडावच्या परिसरात त्यामुळे एकाच रस्त्यावरच्या दोन घरांची स्थिती अगदी वेगळी असू शकते. कातकऱ्याच्या घरी खेकडे, वलगणीचे मासे, मिळाले तर कोंबडीचे अंडे. पैसा नाही, पण बी-12 थोडेफार पोटात जाते. शेजारच्या गावात माळ घातलेल्या वारकरी घरात मासा शिजत नाही, दूध डेअरीला जाते आणि सुनेच्या वाट्याला चहापुरते उरते. त्या घरची मुलगी अंगाने भरलेली दिसली तरी तिचे बी-12 फार कमी असू शकते. एका श्रावणाने काही बिघडत नाही, कारण यकृतात बी-12 चा साठा वर्षानुवर्षे टिकतो. बिघडते ते लहानपणापासून साठा झालाच नसेल तर. ज्यांना चालते त्यांच्यासाठी सुकट आणि जवळा हा स्वस्त आणि गावापर्यंत पोचणारा मार्ग आहे. ज्यांना चालत नाही त्यांना रोज एक वाटी दही किंवा पेलाभर दूध सुनेसाठी राखून ठेवावे लागेल, नाहीतर बी-12 ची गोळी घ्यावी लागेल. याज्ञिकांच्या गटाने 2012 मध्ये याच गावांतल्या वयात आलेल्या मुलांना आणि मुलींना रोज 2 मायक्रोग्रॅम बी-12 देण्याचा प्रयोग सुरू केला, तो त्यांना पहिले मूल होईपर्यंत चालला. बाळांचे वजन वाढले नाही. पण ज्या आयांना बी-12 मिळाले होते त्यांची बाळे दोन वर्षांची झाली तेव्हा त्यांचा बौद्धिक आणि भाषिक विकास सरस दिसला.

मुंबईच्या झोपडपट्ट्यांत 2006 ते 2012 दरम्यान झालेल्या 'सरस' प्रकल्पाने ताटाच्या बाजूने हेच पाहिले. पालेभाज्या, फळे आणि दूध यांपासून केलेला खाऊ बायांना गर्भ राहण्याच्या आधीपासून दिला. निदान तीन महिने आधी सुरू केलेल्यांत गरोदरपणीच्या मधुमेहाचे प्रमाण जवळपास निम्मे झाले. आदिवासी भागांत अमृत आहार योजनेतून अंगणवाडीत मिळणारे गरम जेवण, त्यातले अंडे किंवा केळे, हे उत्तम पाऊल आहे. मात्र ते गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांसाठी आखलेले आहे. जेवणाच्या बाबतीतही आपण पुन्हा उशिराच पोचतो.

रेशनच्या तांदळाबद्दलही स्पष्ट बोलायला हवे. 15 ऑगस्ट 2021 च्या घोषणेनंतर रेशनवर पोषणयुक्त तांदूळ येऊ लागला. शंभर दाण्यांत एक दाणा लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-12 घालून तयार केलेला. तो दाणा रंगाने आणि आकाराने थोडा निराळा दिसतो. 'प्लास्टिकचा तांदूळ' आला अशी ओरड ठिकठिकाणी झाली आणि बायांनी ते दाणे निवडून फेकून दिले. ज्या तालुक्यात भाताचे संशोधन केंद्र आहे आणि जिथल्या 'कर्जत' जाती कोकणभर लावल्या जातात, तिथल्या माणसाला तांदूळ ओळखता येतो. वेगळा दाणा त्याच्या डोळ्यांतून सुटणार नाही. त्याला आधी विश्वासात घेऊन सांगायला हवे होते. पण हा तांदूळ गोळीची जागाही घेऊ शकत नाही. एक किलोत फॉलिक ॲसिड 75 ते 125 मायक्रोग्रॅम. माणशी महिन्याला 5 किलो धरले तर दिवसाला सुमारे 165 ग्रॅम तांदूळ, म्हणजे 12 ते 21 मायक्रोग्रॅम. मूल हवे असणाऱ्या स्त्रीला लागतात 400. भात वेळून पाणी ओतून दिले तर त्यातूनही काही जाते. अमेरिकेने 1998 पासून पीठ सक्तीने पोषणयुक्त केले तेव्हा 100 ग्रॅम पिठात 140 मायक्रोग्रॅम घातले, आणि तिथे हे दोष पाव ते तिसऱ्या हिश्श्याने घटले. मात्रा एवढी असली की फरक दिसतो.

जास्त म्हणजे चांगले, असे मात्र नाही. अ जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रा गरोदरपणाच्या पहिल्या महिन्यांत गर्भाला इजा करतात. मुरुमांसाठी घेतल्या जाणाऱ्या आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्यांनी तर चेहरा, कान, हृदय यांचे गंभीर दोष होतात. औषधाच्या दुकानातून 'ताकदीच्या' गोळ्या परस्पर घेण्याची सवय या वयात धोक्याची ठरते. फॉलिक ॲसिडचा भरमसाट डोस बी-12 ची कमतरता झाकतो: रक्त सुधारते, पण नसांची हानी चालूच राहते. फिट्सची औषधे चालू असतील तर ती मनाने बंद करू नयेत. मूल हवे आहे हे डॉक्टरांना आधी सांगावे, म्हणजे औषध बदलता येते.

ज्या घरी आधी असे मूल झाले आहे, त्या आईला पुढच्या वेळी 400 मायक्रोग्रॅम पुरत नाहीत. तिला दसपट मात्रा लागते. भारतात त्यासाठी 5 मिलिग्रॅमची गोळी सर्रास मिळते आणि तिची पट्टी काही रुपयांत येते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी 2013 मध्ये महाराष्ट्रातच, पालघरला झाली, आणि त्यात तपासायच्या 30 स्थितींच्या यादीत मज्जानलिकेचा दोष पहिला आहे. या कार्यक्रमाच्या तपासणी पथकामुळे बाळ सापडते, शस्त्रक्रियेसाठी मुंबईला जाते, फाइल बाळाच्या नावाने तयार होते. आई त्या फाइलमध्ये फक्त पालक म्हणून असते. ज्या दिवशी बाळाची चिठ्ठी लिहिली जाते त्याच दिवशी आईच्या कार्डावर दोन ओळी लिहिल्या जाव्यात: पुढचे मूल हवे असे वाटताच, पाळी चालू असतानाच, तीन महिने आधीपासून फॉलिक ॲसिड 5 मिलिग्रॅम रोज, तिसरा महिना संपेपर्यंत, बी-12 तपासून कमी असल्यास तेही. बाळ गेले असेल तरीही या ओळी लिहाव्यात, आणि तेव्हा तर नक्कीच, कारण अशा घरात पुढचे दिवस बहुधा वर्षभरातच राहतात आणि कडावच्या नोंदवहीत तिचे नाव पुन्हा चढते ते नेहमीप्रमाणे तिसऱ्या महिन्यात.